निळ्या टाइल्सवरचं लोखंड

ओंकारचं घर सावंतवाडीहून वेंगुर्ल्याकडे जाताना लागणाऱ्या एका वाडीत आहे. घराला लागून त्याने गेल्या वर्षी छोटा स्विमिंग पूल बांधला. लांबी आठ मीटर, रुंदी चार, सरासरी खोली सव्वा मीटर, म्हणजे साधारण 40 हजार लिटर पाणी. त्याची मीरामावशी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाली आहे. मे महिन्यात ती राहायला आली, तेव्हा पुलाच्या काठावर दोघांचं झालेलं हे बोलणं.

ओंकार : मावशी, जरा खाली बघ. टाइल्सच्या फटीतलं ग्राउट पांढरं होतं, आता सगळं तपकिरी. पायऱ्यांवर तर गंज चढल्यासारखं दिसतंय. आणि पाणी भरलं तेव्हा अगदी नितळ होतं.

मीरामावशी : भरलं तेव्हा नितळ होतं, मग क्लोरीन टाकलंत, आणि दुसऱ्या दिवशी पाणी पिवळट-हिरवं झालं. असंच ना?

ओंकार : अगदी तसंच! पूलवाला म्हणाला शेवाळ आहे, क्लोरीन वाढवा. वाढवलं. हिरवट झाक चारेक दिवसांनी गेली आणि हे डाग उरले.

मीरामावशी : ती झाक गेली नाही, खाली बसली. पाणी बोअरचं आहे ना? त्यात विरघळलेलं लोखंड आहे. जमिनीखाली खोलवर प्राणवायू कमी असतो. तिथे लोखंड फेरस रूपात राहतं. ते पाण्यात विरघळतं आणि त्याला रंग जवळजवळ नसतो. म्हणून बादलीत काढलेलं पाणी स्वच्छ दिसतं. हवा लागली, क्लोरीन पडलं, की त्याचं फेरिक होतं. फेरिक लोखंड पुलाच्या पाण्यात विरघळून राहूच शकत नाही. त्याचे बारीक तपकिरी कण होतात, आणि खडबडीत जागा दिसली की तिथे ठाण मांडतात. ग्राउट, पायऱ्या, सिमेंटचा गिलावा, सगळं खडबडीतच.

ओंकार : म्हणजे डाग घालवायला क्लोरीन टाकत होतो आणि क्लोरीनच डाग पाडत होतं?

मीरामावशी : हो. जंतूंसाठी क्लोरीन हवंच, त्याला पर्याय नाही. पण धातूचा डाग त्याने जात नाही, उलट पक्का होतो. तेवढं लक्षात राहिलं की निम्मं काम झालं.

ओंकार : पण आपल्याच पाण्यात एवढं लोखंड कुठून आलं?

मीरामावशी : पायाखाली काय आहे बघ. जांभा. तो तांबडा दिसतो तो लोखंडाच्या ऑक्साइडमुळेच. जांभा म्हणजे मुख्यतः लोखंड आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं. पावसाने बाकीचं बरंचसं वाहून नेलं आणि हे मागे राहिलं. जांभ्यातलं पाणी बहुधा किंचित आम्लधर्मी असतं, आणि त्यात प्राणवायू कमी पडला की लोखंड सहज विरघळतं. उघड्या विहिरीला वारा लागत असतो, त्यामुळे तिथे बरंचसं लोखंड विहिरीतच खाली बसतं. बोअर बंद, त्यामुळे ते जसंच्या तसं वर येतं.

ओंकार : पण किती? डोळ्याला तर काहीच दिसत नाही.

मीरामावशी : जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात म्हटलंय की लिटरला 0.3 मिलिग्रॅमच्या वर लोखंड गेलं की कपड्यांवर आणि नळांवर डाग पडतात. तुझ्या पुलात 40 हजार लिटर पाणी. लिटरला 0.3 धरलं तर पूर्ण पुलात 12 ग्रॅम लोखंड. समजा बोअरमध्ये 2 मिलिग्रॅम आहे, तर 80 ग्रॅम. मूठभर खिळे कुटून, त्यांची पूड करून भिंतीला फासली असं समज.

ओंकार : बाप रे. पण हे लोखंडच आहे हे नक्की कशावरून? काठावर जांभळाचं झाड आहे, पानं-फळं पडतात. शिवाय तांबडी माती उडते ती वेगळीच.

मीरामावशी : चांगलं विचारलंस. तीन गोष्टींची गल्लत होते. तांबडी माती म्हणजे गाळ. ब्रशने हलवलास तर ढग उठतो आणि जागा साफ होते. तो व्हॅक्यूमने ओढून घ्यायचा, डागाशी त्याचा संबंध नाही. दुसरा झाडापानांचा डाग. पान पडून कुजलं की त्याचा आकार खाली उमटतो. त्यावर क्लोरीनचे दाणे ठेवले की तो फिका पडतो. एवढं मात्र बघ, दाणे काचेच्या किंवा सिरॅमिकच्या टाइल्सवरच ठेव. व्हिनाइल लायनर असेल तर लायनरचाच रंग उडेल. तिसरा धातूचा डाग. त्याची परीक्षा सोपी आहे. व्हिटॅमिन सीच्या गोळ्या घरात आहेत?

ओंकार : आहेत, संत्र्याच्या चवीच्या, चघळायच्या.

मीरामावशी : त्या नकोत, त्यात रंग असतो. साध्या पांढऱ्या आण. दोन-तीन गोळ्या कुटून जुन्या मोज्यात बांध, काठीच्या टोकाला लाव आणि पायरीवरच्या डागावर मिनिटभर दाबून धर.

(ओंकार मोजा दाबून धरतो. बाजूला करतो तेव्हा तपकिरी पायरीवर मोज्याच्या टोकाएवढा पांढराशुभ्र गोल उमटलेला असतो.)

ओंकार : अरेच्चा! हे तर जादूसारखं झालं. ना घासलं, ना काही.

मीरामावशी : जादू कसली. व्हिटॅमिन सी म्हणजे ॲस्कॉर्बिक ॲसिड. ते फेरिकचं पुन्हा फेरस करतं, आणि फेरस पाण्यात विरघळतं. पोह्यांवर लिंबू पिळलं की त्यातलं लोह अंगी लागतं असं आजी म्हणायची ना, त्याच्या मागे हेच रसायनशास्त्र आहे. आतड्याला फेरस लोह सोपं जातं आणि व्हिटॅमिन सी ते करून देतं. तर तुझा डाग लोखंडाचा, सिद्ध झालं.

ओंकार : आणि गोळीने काहीच झालं नसतं तर?

मीरामावशी : मग तांब्याचा संशय घ्यायचा. तांब्याचा डाग निळा-हिरवा, कधी कधी काळपट असतो. त्यावर व्हिटॅमिन सीपेक्षा लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड, जास्त चालतं. जांभळट-काळा डाग असेल तर मँगनीज. तेही बोअरमधून लोखंडाच्या सोबतीने येतं.

ओंकार : तांबं कुठून येणार? आपल्याकडे तांब्याचे पाइप नाहीत.

मीरामावशी : शेवाळ येऊ नये म्हणून पूलवाला निळे खडे टाकत नाही ना?

ओंकार : मोरचूद? टाकतो की. पावसाळ्याच्या आधी थोडं, नंतर थोडं.

मीरामावशी : मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, त्याच्या वजनाचा चौथा हिस्सा तांबं. शंभर ग्रॅम मोरचूद पुलात टाकलं की 25 ग्रॅम तांबं गेलं. तुझ्या पुलात लिटरला 0.6 मिलिग्रॅम. क्लोरीन उन्हाने उडतं, वापरात संपतं. तांबं कुठेच जात नाही. पुढच्या वेळी टाकलंस की आधीच्यात भर पडते. मग एखाद्या दिवशी पीएच वर गेला की ते भिंतीवर बसतं. पुलात पोहणाऱ्या सोनेरी केसांच्या पाहुण्यांचे केस हिरवट होतात ना, लोक क्लोरीनला नावं ठेवतात. तो रंग तांब्याचा असतो.

ओंकार : आणि ज्यांच्याकडे पाणी तापवायचा हीटर असतो?

मीरामावशी : त्यांच्यात आणखी एक चूक दिसते. हीटरच्या आत बहुधा तांब्याची नळी असते. पीएच सातच्या खाली राहिला की आम्लधर्मी पाणी ती खाऊ लागतं. काही लोक क्लोरीनच्या मोठ्या गोळ्या थेट स्किमरमध्ये टाकून पंप बंद करतात. या गोळ्या बहुधा ट्रायक्लोरच्या असतात. त्यांचं पाणी फार आम्लधर्मी असतं, ते तिथेच साचतं आणि पंप सुरू झाला की सगळं एकदम हीटरमधून जातं. महिन्या-दोन महिन्यांत पुलाच्या भिंती निळसर. म्हणून गोळ्या वेगळ्या फीडरमध्ये ठेवायच्या आणि पीएच 7.2 ते 7.6 च्या दरम्यान राखायचा.

ओंकार : इथे शिडीजवळ एकच काळपट-तांबडा ठिपका आहे बघ. तो गोळीने फिका झाला, पण दोन दिवसांनी परत येईल असं वाटतंय.

मीरामावशी : बरोबर ओळखलंस. सगळीकडे सारखा पसरलेला डाग पाण्यातून येतो. एकाच जागी पुन्हा पुन्हा उगवणारा ठिपका भिंतीतून येतो. बांधकामाच्या वेळी सळ्या बांधायची बाइंडिंग वायर कुठेतरी पृष्ठभागाजवळ राहिली असेल. तिथे कितीही औषध लाव, येतच राहणार. गवंड्याकडून ती जागा खोदून घे, तार कापून काढ, आणि वरून पाणी न झिरपणाऱ्या गिलाव्याने बुजव. त्याआधी फक्त एकदा बघून घे की मुलींची हेअरपिन किंवा शिडीचा गंजलेला स्क्रू तर कारण नाही. नाणं पडून राहिलं तरी असाच ठसा उमटतो.

ओंकार : बरं, आता पूर्ण पुलाचं. चार-पाच किलो व्हिटॅमिन सी टाकून देऊ?

मीरामावशी : तेवढं कशाला? 40 हजार लिटरला साधारण साडेचारशे ग्रॅम ॲस्कॉर्बिक ॲसिडची पावडर पुरते. मात्र आधी क्लोरीन उतरवायला हवं.

ओंकार : का? इतके दिवस तर आपण ते राखायला धडपडतो.

मीरामावशी : कारण क्लोरीन आणि व्हिटॅमिन सी एकमेकांना संपवतात. एक मिलिग्रॅम क्लोरीन साधारण अडीच मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी खातं. साडेचारशे ग्रॅम म्हणजे तुझ्या पुलात लिटरला जेमतेम अकरा मिलिग्रॅम. क्लोरीन लिटरला तीन मिलिग्रॅम असेल तर त्यातले साडेसात तिथेच खलास. दोन-तृतीयांश पावडर डागापर्यंत पोचलीच नाही. लोक म्हणतात, उपाय केला, काही झालं नाही. हे त्याचं मुख्य कारण.

ओंकार : मग क्रम सांग ना. लिहून घेतो.

मीरामावशी : क्लोरीन टाकायचं थांबव. या उन्हात एक-दोन दिवसांत ते बरंच उतरेल. किटने मोज, जवळजवळ शून्य येऊ दे. पीएच 7.2 च्या आसपास आण. तांबं नसलेलं शेवाळरोधक थोडं घाल, कारण क्लोरीन नसताना शेवाळ दुप्पट जोमाने येतं. या सगळ्या काळात पुलात कुणीही उतरायचं नाही, पाणी निर्जंतुक नसतं. मग पंप चालू ठेवून डाग जास्त आहेत तिथे काठाकाठाने पावडर पसरत जा. अर्ध्या तासात रंग उतरताना दिसू लागेल. दिवसभर वाट बघ. कुठे राहिलंच तर तेवढ्या जागेला आणखी थोडी.

ओंकार : आणि डाग गेला की क्लोरीन टाकायचं, संपलं काम.

मीरामावशी : इथेच लोक फसतात. डाग गेला म्हणजे लोखंड गेलं का? नाही. ते भिंतीवरून उठून पाण्यात आलं, बस. लगेच दणकून क्लोरीन टाकलंस तर चार दिवसांत पुन्हा तेच डाग, आणि यावेळी कदाचित जरा जास्त सारखे पसरलेले.

ओंकार : मग?

मीरामावशी : डाग उतरला की त्याच दिवशी पाण्यात सीक्वेस्ट्रंट घालायचा. पूलच्या दुकानात मिळतो. चांगल्या मालात फॉस्फॉनिक ॲसिडच्या जातीचं, एचईडीपी नावाचं रसायन असतं. ते लोखंडाच्या कणाला धरून ठेवतं आणि त्याला भिंतीवर बसू देत नाही. मात्रा बाटलीवर लिहिल्याप्रमाणे. नंतर क्लोरीन हळूहळू वाढवायचं. पहिले काही दिवस तू क्लोरीन टाकशील आणि किटवर काहीच दिसणार नाही. घाबरू नकोस. उरलेलं व्हिटॅमिन सी ते खात असतं. ते संपलं की किटवरचा आकडा वर येऊ लागतो. पीएचही पुढचे दोन-तीन आठवडे खालच्याच बाजूला, 7.2 जवळ राहू दे.

ओंकार : सीक्वेस्ट्रंट एकदा घातला की कायमचं?

मीरामावशी : छे. क्लोरीन आणि ऊन मिळून ते हळूहळू मोडतात. धरून ठेवलेलं लोखंड पुन्हा मोकळं होतं. त्यामुळे ठरावीक अंतराने थोडी थोडी मात्रा द्यावी लागते. शिवाय ते मोडलं की फॉस्फेट उरतं आणि ते शेवाळाचं खाद्य. म्हणून क्लोरीन नियमित ठेवणं आलंच. सीक्वेस्ट्रंट वेळ मिळवून देतो. मिळालेल्या त्या वेळात लोखंड पाण्यातून बाहेर काढायचं.

ओंकार : फिल्टर नाही काढणार?

मीरामावशी : वाळूचा फिल्टर विरघळलेलं लोखंड पकडू शकत नाही, फक्त कण पकडतो. म्हणून बाहेर काढायचे दोनच रस्ते. एक, पाणी थोडं थोडं बदलणं. पण बदलून जे पाणी भरशील ते बोअरचंच असेल तर काय उपयोग? दुसरा, कण होऊ द्यायचे आणि ते पुलाबाहेर पकडायचे. पहिल्या वेळी तुझं पाणी पिवळट-हिरवं झालं होतं, तेव्हाच तुरटीची मात्रा दिली असती तर कण खाली बसले असते. मग मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह 'वेस्ट'वर ठेवून व्हॅक्यूमने गाळ थेट बाहेर. फिल्टरमधून न्यायचा नाही, नाहीतर बरंचसं परत येतं.

ओंकार : माझा मित्र सांगत होता, एकदा पूल पूर्ण रिकामा करून ॲसिडने धुऊन टाक. एका दिवसात नवा.

मीरामावशी : दोन गोष्टींसाठी नको. ॲसिड ग्राउट खातं, पृष्ठभाग आणखी खडबडीत होतो आणि पुढच्या वेळी डाग जास्त बसतात. दुसरी गोष्ट महत्त्वाची. या भागात पावसाळ्यात जमिनीतली पाण्याची पातळी वर येते. भरलेल्या पुलाचं वजन ते पाणी दाबून धरतं. रिकामा केलास तर खालून येणारा दाब अख्खा पूल वर उचलू शकतो, किंवा तळ फुटतो. रिकामा करायचाच असेल तर एप्रिल-मेमध्ये, तेही तळाला हायड्रोस्टॅटिक व्हॉल्व्ह आहे का ते इंजिनिअरकडून तपासूनच. आणि एक कायमचं लक्षात ठेव. ॲसिड आणि क्लोरीन कधीही एकत्र करायचं नाही, बादली एकच वापरायची नाही. विषारी वायू निघतो.

ओंकार : ठीक. मग डाग परत पडूच नये म्हणून काय करायचं?

मीरामावशी : पूल भरताना एकदाच पाणी लागतं असं वाटतं. पण रोज थोडं उडून जातं. उन्हाळ्यात दिवसाला पाच मिलिमीटर धर. तुझा पृष्ठभाग 32 चौरस मीटर, म्हणजे रोज 160 लिटर, महिन्याला जवळपास पाच हजार. उडतं ते शुद्ध पाणी, लोखंड मागे राहतं. आणि भरतोस ते बोअरचं. लिटरला 2 मिलिग्रॅम असेल तर महिन्याला आणखी 10 ग्रॅम लोखंड आत. डाग परत येण्याचं मोठं कारण हेच.

ओंकार : म्हणजे भरायचं पाणीच आधी साफ करायचं.

मीरामावशी : हो. तुझ्याकडे हजार लिटरची टाकी आहे. बोअरचं पाणी तिच्यात थेट सोडू नकोस, भोकं पाडलेल्या पाइपातून फवाऱ्यासारखं सोड, म्हणजे हवा लागेल. पण आपलं पाणी किंचित आम्लधर्मी, नुसत्या हवेने काम हळू होतं. म्हणून थोडं क्लोरीन टाक. रात्रभर बसू दे. सकाळी तळाच्या वर हातभर असलेल्या तोटीतून पाणी घे आणि वाटेत पॉलिस्टरच्या तंतूंचा गठ्ठा ठेव, उशीत भरतात तो. थोड्या वेळात तो तांबडा होईल. तो तांबडा झाला म्हणजे तेवढं लोखंड पुलात गेलं नाही. लोखंड फारच जास्त निघालं तर मँगनीज डायऑक्साइडचा थर असलेला आयर्न रिमूव्हल फिल्टर बसव.

ओंकार : आणि पावसाचं पाणी? छपरावरून धो धो वाहून जातं.

मीरामावशी : तेच तर सोनं आहे. त्यात लोखंड जवळजवळ नसतं. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. नुसत्या पुलाच्या 32 चौरस मीटरवर सव्वातीन मीटर पडला तरी एक लाख लिटर, म्हणजे तुझ्या पुलाच्या अडीच पट. पावसाळाभर ओव्हरफ्लो उघडा ठेवलास तर धातू आपोआप पातळ होतात. छपराचं पाणी घ्यायचं तर पहिल्या पावसाचं सोडून दे, आणि पत्र्याला गंज नाही याची खात्री कर. पण पावसाच्या पाण्यात क्षार नाहीत. पीएच घसरतो, अल्कलिनिटी घसरते. खाण्याचा सोडा घालून अल्कलिनिटी लिटरला 80 ते 120 मिलिग्रॅममध्ये ठेव. नाहीतर तेच पाणी शिडीचे स्क्रू आणि हीटर खाईल.

ओंकार : आणि पुलातून काढलेलं पाणी बागेत सोडू?

मीरामावशी : क्लोरीन उतरलेलं असेल तर लोखंडाचं पाणी सोड. पण मोरचूद घातलेलं पाणी ओहोळात किंवा विहिरीकडे अजिबात जाऊ द्यायचं नाही. तांबं माशांना फार लवकर मारतं. त्यासाठीसुद्धा मोरचूद बंदच कर. क्लोरीन नियमित, पीएच नीट, पंप रोज पुरेसे तास चालू, पानं रोज काढलेली, एवढं केलंस तर शेवाळ येत नाही आणि मोरचुदाची गरज पडत नाही.

ओंकार : मग मी उद्याच व्हिटॅमिन सीची ऑर्डर देतो. वीकेंडला पाहुणे आहेत.

मीरामावशी : पाहुण्यांसाठी घाई करू नकोस, वीकेंड पूल बंद ठेव. आधी बोअरच्या पाण्याचा नमुना दे. लोखंड, मँगनीज, तांबं, पीएच, अल्कलिनिटी, पाचही तपासून घे. पुलाच्या पाण्याचाही दे, पण त्यावर विसंबू नकोस. लोखंड भिंतीवर बसलं असेल तर पाण्यात शून्यच येईल आणि तू निश्चिंत होशील. बोअरचा आकडा हातात आला की टाकीचं काम कर, मग डाग काढ. आधी डाग काढलास आणि टाकी तशीच राहिली, तर पुढच्या मे महिन्यात मी पुन्हा याच काठावर मोज्यात गोळ्या बांधत बसेन.